चिंगी, तिचा खुबा आणि पाण्यातली ट्रेडमिल

चिंगीचं ऑपरेशन झाल्यापासून सोसायटीतले, टेकडीवर भेटणारे, नातेवाईक, सगळे एकच विचारतात की ते पाण्यात चालवणं वगैरे खरंच लागतं का, कुत्री काय आपोआप बरी होतात. आमच्या केसमध्ये लागलं. आणि का लागलं हे मला जसजसं कळत गेलं तसतसं वाटायला लागलं की हे ऑपरेशनच्या आधीच कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं, म्हणून ज्यांच्या घरी आत्ता ऑपरेशन होऊन आलेलं कुत्रं पाय वर धरून बसलंय त्यांच्यासाठी आठवतंय तेवढं सगळं लिहितेय.

चिंगी आमची गावठी कुत्री, साधारण चार वर्षांची, वजन सोळा किलो, एका कानाला नसबंदीची खाच. कोथरूडला आमच्या गल्लीतच वाढली, एका पावसाळ्यात पार्किंगमध्ये मुक्कामाला आली आणि तिथून वर घरात आली ती आलीच. गल्लीच्या तोंडाशी एका बाइकने तिला उडवलं. उजवा मागचा पाय. रक्त वगैरे काही नाही, पाय नुसता लोंबत होता आणि ती हात लावू देत नव्हती. पहिल्या ज्या दवाखान्यात नेलं तिथे सांगितलं की रस्त्यावरची कुत्री तीन पायांवर आरामात जगतात, पेनकिलर द्या आणि सोडून द्या. मला ते अजिबात पटलं नाही. दुसरीकडे भूल देऊन एक्स-रे काढला तेव्हा कळलं की खुबा निखळलाय आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा तुकडाही उडालाय, त्यामुळे सांधा नुसता बसवला तर टिकणार नाही.

मग पर्याय उरले दोन. पूर्ण खुबा बदलायचा, जो खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता, किंवा एफएचओ, म्हणजे फीमरल हेड ऑस्टेक्टॉमी, ज्यात हाडाचा तो वरचा गोळा मानेसकट कापून काढूनच टाकतात. सांधाच काढला तर ती चालणार कशावर हा प्रश्न कोणालाही पडेल तसा आम्हालाही पडला. सर्जन सरांनी हाडांचं मॉडेल हातात घेऊन समजावलं की गोळा काढला की हाडावर हाड घासणं थांबतं, त्या मोकळ्या जागेत हळूहळू चिवट तंतुमय ऊती तयार होते आणि आजूबाजूचे स्नायू हाडाला जागेवर धरून ठेवतात, असा एक खोटा सांधा बनतो, आणि हलक्या-मध्यम वजनाच्या कुत्र्यांमध्ये तो छान काम देतो. पण पुढचं वाक्य महत्त्वाचं होतं. म्हणाले, हा सांधा तुम्ही जसा वापराल तसा बनतो. पाय वापरात राहिला तर मोकळा बनेल, वर धरून ठेवला तर आखडलेला बनेल, आणि एकदा आखडून घट्ट झाला की नंतर फार काही हातात राहत नाही. हाड जोडायच्या ऑपरेशननंतर आराम द्या म्हणतात, इथे बरोबर उलटं, दुखणं आटोक्यात ठेवून लवकरात लवकर हालवा.

आणि चिंगीने नेमका पाय वर धरला.

म्हणजे किती पक्का धरला तर टाके सुकले, सूज गेली, पेनकिलर चालू, भूक मस्त, तीन पायांवर गॅलरीतून किचनपर्यंत पळत यायची, आणि चौथा पाय पोटाशी घेतलेला. घरात येणारा प्रत्येक जण म्हणायचा की बघा किती छान पळतेय, आणि मला तेच टेन्शन होतं, कारण ती जितकी छान तीन पायांवर पळत होती तितकी तिला चौथ्याची गरज वाटत नव्हती. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन असंही पुढच्या पायांवर असतं आणि ४० टक्के मागच्या, त्यामुळे मागचा एक पाय सोडून देणं त्यांना फार सोपं जातं, सगळा भार पुढे ढकलायचा की झालं. इकडे मांडी मात्र दिवसेंदिवस बारीक होत चाललेली, आंघोळ न घालताही नुसत्या हाताला लागायचं की डाव्या मांडीवर मांस आहे आणि उजवीकडे कातडीखाली हाड.

घरी जे सांगितलं होतं ते सगळं चालू होतं. पहिले दोन-तीन दिवस बर्फ, मग गरम पाण्याच्या पिशवीने शेक, शेकानंतर तिला आडवं करून पाय हळूहळू पुढे घ्यायचा, मागे न्यायचा, जिथे ती मान वळवून बघेल तिथे थांबायचं. पुढे यायला पाय तयार असायचा. मागे जायला नाही. हे नीट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावरच आहे, एफएचओनंतर कुत्र्याची जी हालचाल सगळ्यात आधी जाते ती पाय मागे ताणण्याची. आणि चालताना शरीर पुढे ढकलायचं काम त्याच हालचालीत होतं.

टाके काढायला गेलो तेव्हा सरांनीच रिहॅब सेंटरला, म्हणजे ऑपरेशननंतर व्यायाम करून घेतात तिथे, चिठ्ठी दिली. टाके निघून जखम पूर्ण बंद झाल्याशिवाय पाण्यात घेत नाहीत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस तरी जातातच. चिठ्ठी, एक्स-रे, ऑपरेशनचे पेपर, लसीकरणाचं पुस्तक एवढं घेऊन या म्हणून फोनवरच सांगितलं होतं, आणि येण्याआधी दोन-तीन तास पोटात काही नको. जुलाब, ताप, कानाचं इन्फेक्शन, उघडी जखम, कातडीवर बुरशी, यातलं काहीही असेल तर सेशन रद्द. गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध नुकतंच लावलं असेल तर तेही सांगायचं, कारण ते पाण्यात उतरतं. हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्यांना आधी त्यांच्या डॉक्टरचं लेखी लागतं. मला ही कडक यादी ऐकून बरं वाटलं होतं, म्हणजे लोक काम सिरियसली करतायत.

सेंटर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रिक्षावाले कुत्रं म्हटलं की आधी नाही म्हणतात, मग आम्ही एका ओळखीच्या काकांनाच पक्कं करून टाकलं, सीटवर जुनी चादर आमची आणि परत येताना ओलं कुत्रं चढणार नाही हे वचन.

पहिल्या दिवशी पाणी नव्हतंच. थेरपिस्ट मॅडम स्वतः पशुवैद्यक, वर रिहॅबचा कोर्स केलेला, त्यांनी आधी जवळजवळ पाऊण तास नुसतं बघितलं. चिंगीला कॉरिडॉरमध्ये चालवून पुढून, मागून, बाजूने व्हिडिओ घेतला, दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजला, तोही ठरलेल्या जागीच आणि दर वेळी त्यांनीच मोजायचा, कारण माणूस बदलला की टेपची ओढ बदलते आणि आकडा खोटा येतो. मग कोनमापकासारखं एक साधन लावून पाय किती पुढे, किती मागे जातो ते लिहिलं. आणि मग तिला कोरड्या टँकमध्ये नुसतं चढू-उतरू दिलं. टँक म्हणजे काचेची लांबट खोली समजा, एका बाजूला रॅम्प आणि दरवाजा, तळाला ट्रेडमिलचा पट्टा. चिंगी रॅम्पच्या तोंडाशीच बसली. ओढायचं नाही म्हणाल्या. मी सोबत उकडलेलं चिकन नेलं होतं, त्याचे बारीक तुकडे रॅम्पवर टाकत टाकत ती आत गेली, दरवाजा बंद केला नाही, आतून फिरून बाहेर आली, बस, त्या दिवशीचं काम संपलं. नवरा परत येताना म्हणाला की एवढ्या लांब येऊन नुसतं चिकन खाऊन चाललो, पण मला ते योग्यच वाटलं, कारण गावठी कुत्री एकदा एखाद्या जागेला घाबरली की ती जागा कायमची वर्ज्य करतात, हे पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.

पुढच्या वेळी पाणी आलं, पण पंजे भिजण्यापुरतंच. पाणी तळातून हळूहळू चढतं, वरून नळ सोडत नाहीत, त्यामुळे आवाज कमी. आणि कोमट, ३० अंशांच्या आसपास. चिंगीला लाइफ जॅकेट घातलेलं, बुडायची भीती म्हणून नव्हे, पाठीवरच्या हँडलला धरता यावं म्हणून. समोरच्या काचेवर चाटायची रबरी मॅट चिकटवलेली, तिच्यावर पीनट बटर. (पीनट बटर कुत्र्याला देताना डब्यावर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो गोडवा, लिहिलेलं नाही ना ते बघून घ्याच, कुत्र्यांसाठी ते विष आहे.) मॅडम गमबूट-पँट घालून स्वतः आत, तिच्या मागे स्टूलवर.

आता मुख्य गोष्ट, पाण्याची उंची. मला आधी वाटायचं पाणी म्हणजे पाणी, कुत्रं त्यात पोहेल, व्यायाम होईल. तसं नाहीये ते. उभ्या कुत्र्याच्या घोट्यापर्यंत पाणी असेल तर पायांवर त्याच्या वजनाच्या ९१ टक्के भार येतो, गुडघ्यापर्यंत असेल तर ८५ टक्के, म्हणजे काही फार फरक नाही. पण खुब्यापर्यंत चढवलं की एकदम ३८ टक्क्यांवर येतो. म्हणजे आमची सोळा किलोची चिंगी पायांच्या दृष्टीने सहा किलोची. हे मोजून काढलेले आकडे आहेत आणि रिहॅबवाले याच हिशोबाने पाणी भरतात. औषधाचा डोस असतो तशी ही पातळी, कुत्र्यागणिक वेगळी, आठवड्यागणिक वेगळी. म्हणून कोणी जेव्हा सांगतं की आमच्या फार्महाउसच्या पूलमध्ये सोडा की तिला, तेव्हा मी नाही म्हणते.

त्यातून पोहणं आणि पाण्यात चालणं यातही फरक आहे. पोहताना कुत्रं मुख्यत्वे पुढच्या पायांनी ओढतं, मागचे पाय बरेचदा नुसते जवळ घेऊन ठेवतं, मागे मारलेच तरी पूर्ण ताणत नाही. गुडघा, घोटा वाकवायचा असेल तर पोहणं चांगलं, पण आमची अडचण पाय मागे न जाण्याची होती. ट्रेडमिलवर काय होतं, पाय पट्ट्यावर टेकला की पट्टाच त्याला मागे घेऊन जातो. कुत्र्याने काही करायचं नसतं, फक्त टेकवायचा. ज्या हालचालीसाठी मी घरी रोज तिचा पाय हातात घेऊन बसायचे आणि ती अंग चोरायची, ती हालचाल इथे पट्टा करून देणार होता. हे मॅडमनी जेव्हा माझ्यासमोर हाताने करून दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे जमू शकतं.

फक्त टेकवायचा. तेच तर होत नव्हतं.

पाणी खुब्यापर्यंत चढवलेलं ते पहिलं खरं सेशन, पट्टा चालू, अगदी हळू, म्हणजे माणूस म्हातारपणी देवळात प्रदक्षिणा घालतो त्याच्याहून हळू. आणि हा वेगच सगळ्यात कळीचा असतो, वेग वाढवला की कुत्रं तीन पायांवर उडी मारत पळतं, हळू चालायला लावलं तर तोल सांभाळायला त्याला चौथा पाय लागतो. चिंगीने पहिला पूर्ण मिनिट पाय पोटाशी ठेवला. पाण्यात तो अर्धवट तरंगत होता. मॅडमनी काही जबरदस्ती केली नाही, पाण्याखालून फक्त डाव्या, चांगल्या पायाच्या बाजूला कमरेला हलका हात लावून तिचं वजन उजवीकडे जरासं सरकवलं, आणि उजवा पंजा खाली आला. नुसती नखं. पट्ट्याला नखं लागली, पाय मागे ओढला गेला, तिने झटकन वर घेतला, परत खाली आला. मी काचेच्या बाहेर जमिनीवर बसले होते, डोळे बरोबर पाण्याच्या पातळीला, आणि मला तो पंजा मागे जाताना दिसत होता. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. मी तिथेच रडले आणि मॅडम म्हणाल्या, रडा पण व्हिडिओ बंद करू नका, मला मागून बघायचाय.

एक-दीड मिनिट चालणं, मग पट्टा बंद आणि विश्रांती, परत एक-दीड मिनिट. सुरुवातीला खरं चालणं सगळं मिळून पाचेक मिनिटांच्या आतच असतं. लोकांना वाटतं एवढे पैसे देऊन पाचच मिनिटं? पण पाणी दाट असतं, प्रत्येक पाऊल त्याला कापत टाकावं लागतं, आणि महिनाभर न वापरलेल्या मांडीला तेवढंही खूप होतं. मधल्या विश्रांतीत मॅडम मांडीच्या आतल्या बाजूने नाडी बघायच्या, जीभ बघायच्या. जीभ रुंद होऊन टोकाला वळली, कान मागे गेले, डोकं खाली जायला लागलं की त्या दिवशीचं बंद, मग मिनिटं राहिलेली असोत. पाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे चारी बाजूंनी पायावर सारखा दाब पडतो त्यामुळे सूज उतरायला मदत होते, आणि ऊब असल्याने स्नायू सैल पडतात. पण शेवटी पैसे वसूल होतात ते पट्ट्यावर टेकलेल्या पावलांतच, असं माझं मत.

त्या रात्री चिंगी जेवून जी झोपली ती सकाळपर्यंत हलली नाही. दुसऱ्या दिवशी जरा जास्त लंगडली तर घाबरू नका, पण दोन दिवसांनीही जास्तच वाटलं तर पुढचा डोस कमी करायचा, असं सांगून ठेवलं होतं. आम्ही रोज एका वहीत लिहायचो, पाय किती टेकला, कधी उचलला, झोपेतून उठताना कसा होता. ती वही मॅडम प्रत्येक वेळी खरंच वाचायच्या.

सासरे साताऱ्याकडचे, त्यांनी व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, आमच्याकडे बैल लंगडायला लागला की कृष्णेच्या धारेत उभा करायचो की आपण, यात नवीन काय. त्यांचंही बरोबरच आहे, वाहतं गार पाणी सूज आणि ठणका कमी करतं, ते ज्ञान आपल्याकडे होतंच. फक्त इथलं काम वेगळं, इथे पाणी कोमट, पाय मोकळा करायला, आणि भार कमी करून चालवायला. बाबांना ते पट्ट्याचं फार आवडलं, नंतर एकदा स्वतः सोबत आले आणि पूर्ण वेळ काचेला टेकून उभे होते, तिला मोठ्याने शाब्बास शाब्बास म्हणत.

सुरुवातीला आठवड्यातून दोनदा जायचो, नंतर एकदा. हळूहळू नखांच्या जागी पूर्ण पंजा टेकायला लागला, मग पंजावर वजन यायला लागलं, हे बाजूच्या काचेतून अगदी स्पष्ट दिसतं, वजन आलं की पंजाची बोटं पसरतात. मग पाणी कमी करायला सुरुवात झाली. मांडीच्या मध्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. भार वाढतो म्हणजे आता ताकद यायला लागते. आणि पाणी घोट्याच्या जरा वर आणलं की एक वेगळीच गंमत होते, पाणी जड असल्यामुळे कुत्रं प्रत्येक पाऊल पाण्याच्या वर उचलून टाकायला बघतं, त्यामुळे गुडघा, घोटा, खुबा सगळे जास्त वाकतात. चिंगी त्या टप्प्यात संचलनाला निघाल्यासारखी पाय उचलायची.

मधे एक धक्काही बसला. भर पावसाळा, आणि तिच्या बोटांच्या बेचक्यात लाल चट्टे आले, खाजवून खाजवून ओलं केलेलं. ओल राहिली की होतंच. दोन आठवडे पाणी बंद. त्या दोन आठवड्यांत मला वाटलं की सगळं परत शून्यावर जाणार, पण मॅडमनी जमिनीवरचे व्यायाम वाढवून दिले आणि ते आम्ही इतके मन लावून केले की परत टँकमध्ये गेली तेव्हा मांडीचा घेर कमी झाला नव्हता, उलट किंचित वाढला होता. तेव्हापासून सेशननंतर वाळवायचं काम मी स्वतः करायला लागले. आधी साध्या पाण्याने धुवायचं, कारण टँकच्या पाण्यात क्लोरीन असतं, मग दोन टॉवेल, मग ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, आणि बोटांच्या मधे, काखेत, कानात बोट घालून बघायचं. यात घाई नको. पावसाळ्यात तर अजिबातच नको.

घरच्या व्यायामांबद्दल वेगळं लिहिते कारण लोक हे सोडून देतात आणि मग म्हणतात हायड्रोथेरपीचा, म्हणजे या पाण्यातल्या व्यायामाचा, उपयोग झाला नाही. आठवड्यातली एक-दोन सेशन्स मांडीला आठवण करून देतात, बाकीचे दिवस घरीच करावं लागतं. आमच्याकडे सगळ्यात आधी फरशी झाकली. गुळगुळीत टाइल्सवर चांगल्या कुत्र्याचेही पाय घसरतात, आणि दुखऱ्या पायाचं कुत्रं एकदा घसरलं की तो पाय परत वर जातो. सतरंज्या, जुने योगा मॅट, पायपुसण्या, दारापासून तिच्या भांड्यापर्यंत रस्ताच केला. जिना बंद, दोन मजले उचलून. मग उठाबशा, म्हणजे बस, उभी राहा, बस, उभी राहा, दर वेळी चिकनचा कण, पण सरळ बसली तरच, दुखरा पाय बाजूला फेकून बसली तर नाही. भिंतीला लागून बसवलं की पाय बाहेर फेकायला जागाच राहत नाही, ही युक्ती मॅडमची. झाडूचे दांडे जमिनीवर आडवे ठेवून त्यावरून हळू चालवायचं. उभी असताना कमरेला हलका धक्का देऊन वजन इकडून तिकडे करायचं. आणि पट्टा बांधून फिरवणं, पण हळू. हळू म्हणजे खरंच हळू, इतकं की शेजारी विचारतात बरं नाहीये का. हे फिरवायचं काम माझ्या मुलाने घेतलं, बारा वर्षांचा आहे, त्याच्याइतका धीर घरात दुसऱ्या कोणाला नाही, ती जरा उड्या मारत चालायला लागली की तो थांबायचा, चारही पाय खाली आले की परत चालू.

खर्चाचं सगळे विचारतात. आम्ही जायचो तिथे एका सेशनला हजार-दीड हजाराच्या मधे लागायचे, पॅकेज घेतलं तर थोडे कमी, वर रिक्षा. ऑपरेशनपेक्षा हा खर्च लांबत जातो त्यामुळे जड वाटतो, आणि मला माहितेय की प्रत्येकाला नाही परवडणार. नाहीच परवडलं तर माझं मत असं की निदान एकदा रिहॅबवाल्या डॉक्टरला दाखवून घरचा प्रोग्रॅम लिहून घ्यावा, तो मन लावून केला तर खूप काही होतं. पण शेततळं, खाण, नदी, धरणाचं बॅकवॉटर, यात ऑपरेशन झालेलं कुत्रं नेऊ नका. पाणी गार असतं, तळ दिसत नाही, कुत्रं घाबरून हातपाय मारतं आणि त्यात पायाला हिसका बसतो, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची, भीती वेगळीच.

सेंटर निवडताना मी काय बघेन ते सांगते. पाण्यात सोबत कोण उतरणार आणि तो माणूस काय शिकलाय. टेनेसी युनिव्हर्सिटीचा सीसीआरपी (कुत्र्यांच्या रिहॅबचं प्रमाणपत्र) सारखा कोर्स केलेले किंवा रिहॅबमध्येच काम करणारे पशुवैद्यक आता आपल्याकडेही आहेत. तुमच्या सर्जनशी ते बोलतात का. पहिल्याच दिवशी थेट पाण्यात टाकतात का, टाकत असतील तर मी परत जाणार नाही. मोजमाप लिहून ठेवतात का. पाणी कधी बदलतात, क्लोरीन कधी तपासतात हे विचारल्यावर वैतागतात का. आणि तुम्हाला जवळ बसू देतात का. काही ठिकाणी वीकेंडला मजेसाठी पोहायला आणतात त्याच पूलमध्ये पेशंटही उतरवतात, सगळी कुत्री एकत्र भुंकतायत, बॉल फेकतायत. निरोगी कुत्र्याला मजा येत असेल, ऑपरेशन झालेल्याला तिथे कोणी सांभाळू शकत नाही. तिथे एक लॅब्रॅडॉर बॉलच्या मागे सारखं पाणी गिळताना मी बघितलंय, तेही धोक्याचं असतं, खूप पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

टँकच्या बाहेर वाट बघताना बाकीचे पेशंट दिसायचे त्यावरून कळलं की हे किती वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात. पाठीच्या मणक्याची चकती सरकून मागचे पाय गेलेला एक डॅशहाउंड होता, त्या जातीत हा आजार फार, त्याला सुरुवातीला दोघं मिळून धरायचे आणि त्याचे मागचे पाय हाताने चालवायचे. गुडघ्याचा लिगामेंट तुटलेली रॉटवायलर. आणि एक म्हातारी लॅब, तिला ऑपरेशन वगैरे काही नाही, नुसती संधिवाताची, जमिनीवर चार पावलं टाकायला कण्हायची आणि पाण्यात शेपटी हलवत चालायची. तिचे आजोबा सांगायचे की ती आता सुधारणार नाही हे त्यांना माहितेय, पण आठवड्यातला तेवढा वेळ तिला दुखत नाही म्हणून आणतात. मला ते कारण कुठल्याही रिझल्टइतकंच पुरेसं वाटलं.

चिंगीचं आता कसं आहे ते सांगते. उजव्या मांडीचा घेर डावीच्या जवळपास आलाय, पूर्ण नाही. पाय किंचित आखूड झालाय, गोळाच काढलाय म्हटल्यावर ते होणारच होतं. मागे ताणणं आधीच्या दुखऱ्या कोनापेक्षा खूप वाढलंय पण चांगल्या पायाइतकं नाही, आणि बहुतेक होणारही नाही. चालताना तिऱ्हाइताला कळत नाही, दुडक्या चालीत नीट बघितलं तर कळतं, आणि मांजर दिसून एकदम धावली तर पहिल्या दोन-तीन उड्या अजून तीन पायांवरच मारते, मग चौथा येतो. सोफ्यावर चढते. एका पायावर खाजवते, म्हणजे सगळं अंग डाव्या बाजूला तोलून उजव्या पायाने कान खाजवते, हे ज्या दिवशी पहिल्यांदा केलं त्या दिवशी मुलाने मला बाथरूममधून बोलावून दाखवलं.

शेवटच्या तपासणीला मॅडमनी परत कॉरिडॉरमध्ये चालवलं, परत टेप, परत कोन, आणि म्हणाल्या की आता पाण्याने जे द्यायचं ते दिलंय, यापुढची ताकद चढावर मिळेल, तुम्ही कोथरूडला राहता ना, मग टेकडी आहेच. चढ चढताना मागचे पाय ताणून अंग वर ढकलावं लागतं, म्हणजे पट्टा जे करून देत होता ते आता तिने स्वतःच्या जोरावर करायचं. त्यामुळे हल्ली सकाळी आम्ही टेकडीवर असतो, आधी सपाटीवर पाच-दहा मिनिटं अंग गरम होईपर्यंत, मग वर. उतरताना सगळं वजन पुढे येतं आणि ती घाईत तीन पायांवर यायला बघते, म्हणून उतारावर पट्टा आखूड धरून, नागमोडी, आणि मोठ्या दगडांपाशी मुलगा तिला सरळ उचलूनच घेतो. घरी आल्यावर पंजे पुसून गोचिडी बघायच्या. वही अजून चालू आहे, आणि पावसाळ्यात टेकडी निसरडी झाली की महिन्यातून एक-दोनदा टँकमध्ये न्यायचं असं मॅडमशी ठरवून ठेवलंय.